पर्गोला हवाय, बजेट सव्वा लाख आणि मागे समुद्र

प्रश्न : नमस्कार. आमचं घर गुहागरला वाडीत आहे, मागीलदारी उभं राहिलं की समुद्राची गाज ऐकू येते इतकं जवळ. मी गेल्या वर्षी शाळेतून रिटायर झाले. सासूबाईंना आता पायऱ्या उतरून लांब जाता येत नाही, त्यांना संध्याकाळी वाऱ्यावर बसता यावं म्हणून मागीलदारी १० बाय १४ फुटांचा पर्गोला, म्हणजे खांबांवर उभा, वर पट्ट्या असलेला उघडा मांडव, करायचा विचार आहे. बजेट सव्वा लाख, त्यावर एक रुपया नाही. तीन कोटेशन आलीत. गावातला फॅब्रिकेटर ८५ हजार म्हणतो, लोखंडी पाइप, रेडऑक्साइड, ऑइलपेंट, वर पॉलीकार्बोनेट शीट, खड्डे एक बाय एक बाय एक फूट, सगळं लमसम. चिपळूणचा सुतार सागवानात १ लाख ६० हजार म्हणतो. पुण्याची एक पार्टी तयार ॲल्युमिनियमचा २ लाख ४० हजारला देते, ट्रान्सपोर्ट वेगळा. घराची जमीन रेतीची आहे आणि जागेच्या एका बाजूला दोन जुने माड आहेत. मुलगा म्हणतो ८५ वाला घे आणि विषय संपव. घेऊ का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी अडकलोय. 'खड्डे एक बाय एक बाय एक फूट' हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण तुमचा सगळा प्रश्न त्या एका ओळीत आहे. पाइप कुठला, रंग कुठला, शीट किती एमएमची हे सगळं नंतर येतं.

थोडा हिशोब करूया, शाळेतल्यासारखाच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं तेव्हा वाऱ्याचे झोत ताशी १२० किलोमीटरपर्यंत होते. १२० म्हणजे सेकंदाला साधारण ३३ मीटर. वाऱ्याचा दाब काढायचं इंजिनियर लोकांचं साधं सूत्र आहे, वेगाचा वर्ग गुणिले ०.६, तो येतो ६६० न्यूटनच्या वर, म्हणजे एका चौरस मीटरला मोटामोटी ६८ किलो. तुमचा पर्गोला १४० चौरस फूट म्हणजे १३ चौरस मीटर. वर अख्खी शीट टाकली आणि वारा खालून शिरला तर ती शीट साधारण ९०० किलोच्या जोराने वर उचलली जाणार. आता तिला धरून ठेवायला खाली काय आहे बघा. एक घनफूट काँक्रीट ६८ किलोचं, असे चार खड्डे म्हणजे २७२ किलो, त्यात लोखंडाचं स्वतःचं वजन २६० धरा, झाले ५३२. नऊशे विरुद्ध पाचशे बत्तीस. आणि जमीन रेतीची, रेती त्या एक फुटाच्या ठोकळ्याला धरून काही ठेवत नाही, जांभ्याच्या कातळात निदान पकड तरी मिळते.

हे मी कागदावरचं बोलत नाहीये. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं, तेव्हा आमच्या घरामागची अशीच शेड गेली. पाइप वाकला नाही, वेल्डिंग सुटलं नाही, शीटसुद्धा फाटली नाही, अख्खा सांगाडा तळाच्या काँक्रीटच्या गोळ्यांसकट उपटून शेजाऱ्यांच्या विहिरीच्या कठड्यावर जाऊन पडला. विहिरीवर त्या वेळेला कोणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं याचा विचार मला आजही नको वाटतो. तेव्हापासून कोणीही पर्गोलाचं विचारलं की मी पहिल्यांदा खड्डा किती विचारतो.

आता दुसरी गोष्ट, आणि ही तुमच्या सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार. आपल्याकडे दिवाळी झाली की खळं करायचे, चोपून सारवून घ्यायचे आणि त्यावर मांडव घालायचे. पोफळीचे नाहीतर बांबूचे खांब, वर आडवे वासे, त्यावर झाप, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या. सुपारी सुकवणं, आमसुलं, पापड-फेण्या, पाहुण्यांच्या पंगती, सगळं त्या मांडवाखाली. आणि मे महिना संपत आला की झाप उतरवून टाकायचे. म्हणजे जेव्हा वादळवारं येतं तेव्हा वर पकडायला काही नसायचंच. आपण आज पर्गोला म्हणतो तो हाच मांडव, फक्त आपण वरचं छप्पर बाराही महिने ठेवायचा हट्ट धरतो आणि पैसे सगळे त्या वरच्या दिखाऊ भागात घालतो. मला वाटतं किनाऱ्यावर उलटं करावं. पाया, खांब आणि नट-बोल्ट हे एकदाच आणि भक्कम, आणि वरचं आच्छादन स्वस्तातलं, हाताने उतरवता येणारं.

तुम्ही म्हणाल मग पावसात बसायचं कसं. ताई, गुहागरला पाऊस सरळ वरून पडतो का? समुद्र पश्चिमेला, वारा नैऋत्येचा, पाऊस आडवा येतो. चारी बाजूंनी उघड्या शेडमध्ये वर कितीही महागाची शीट टाका, जुलैत खुर्च्या ओल्याच. म्हणून त्या शीटचे पैसे मला वाया वाटतात. पावसात बसायला पडवीच, आणि पर्गोला ऑक्टोबर ते मे. त्या आठ महिन्यांत ऊन अडवायला ७५ टक्केवाली शेडनेट पुरते, किंवा सरळ झाप. झापाखालचा गारवा शेडनेटला येत नाही हे माझं प्रामाणिक मत आहे, वाडी तुमची, झावळ्या घरच्या, विणणारं माणूस मिळालं तर दुसरा विचार करू नका.

आता पैशाचं. फॅब्रिकेटरला लमसम देऊ नका, किलोवर द्या, म्हणजे किलोला मजुरीसकट किती हे विचारा. वजन आधी आपल्याला माहीत पाहिजे, ते असं काढायचं. खांब ३ इंची चौकोनी पाइप, ३ एमएम जाडीचा, तो फुटाला साधारण २ किलो भरतो, चार खांब प्रत्येकी १० फूट म्हणजे ८० ते ८३ किलो. वरची चौकट ४ बाय २ इंच, तीच जाडी, फुटालाही जवळपास तेवढंच वजन, ४८ फूट म्हणजे शंभरेक किलो. मधल्या पट्ट्या २ बाय १ इंच, २ एमएम, फुटाला पाऊण किलोहून थोडी कमी, १० फुटी आठ म्हणजे ५४ किलो. बेसप्लेटी (खांबाच्या बुडाच्या लोखंडी प्लेटी), कोपऱ्यातले तिरके टेके धरून २६० किलो. याच्या खाली वजन आलं तर समजायचं की पाइप पातळ घातलाय, आणि पातळ पाइप म्हणजे गंजायला कमी लोखंड, दोनेक वर्षांत भोक. वजनकाट्याची पावती मागा, त्यात कोणाला वाईट वाटायचं कारण नाही. आणि दर जीएसटी धरून की सोडून हे आधी बोलून घ्या, लोखंडावर १८ टक्के असतो, शेवटच्या दिवशी तो बाहेर निघाला की बजेट कोलमडतं.

गंजाबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण इथे लोक फार फसतात. साधं मीठ हवेत ७५ टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की पाणी ओढून स्वतःच विरघळतं. खाऱ्या वाऱ्याने आलेलं मीठ पाइपावर बसलेलं असतं, पावसाळ्यात दमटपणा महिनोन्‌महिने त्याच्या वरच, म्हणजे पाइपावर सतत खाऱ्या पाण्याची पातळ साय. म्हणून समुद्राजवळ लोखंड रात्रंदिवस गंजत राहतं. आणि एक उलटी वाटणारी गोष्ट, ज्या भागावर पाऊस पडून धुतलं जातं तो कमी गंजतो, शीटच्या खालचा, आडोशाचा भाग जास्त, कारण तिथलं मीठ कधी धुतलंच जात नाही. स्कूटर उचलून मडगार्डच्या आतून बघा, लगेच पटेल.

यावर रेडऑक्साइड आणि ऑइलपेंट म्हणजे दर वर्षी रंगवायची तयारी. दुकानातला जीआय (जस्त चढवलेला) पाइप आणला तरी त्यावरचा जस्ताचा थर पातळ असतो आणि जिथे वेल्डिंग करतात तिथे तो जळूनच जातो, पहिला गंज बरोबर जोडावर. त्यापेक्षा साध्या लोखंडाचे सगळे भाग आधी कापून, भोकं पाडून, वेल्डिंग संपवून मग हॉट डिप गॅल्वनायझिंगला पाठवा. तिथे ४५० डिग्रीच्या आसपास तापलेल्या जस्तात अख्खा भाग बुडवतात, आतून बाहेरून थर बसतो, २-३ एमएमच्या पाइपवर ६०-६५ मायक्रॉनपर्यंत. दोन अटी आहेत. बंद पाइपाला दोन्ही टोकांना हवा जायला भोकं पाहिजेतच, नाहीतर आतली हवा आणि ओल तापून पाइप फुटू शकतो, प्लांटवाले तसा माल घेणारही नाहीत. आणि साइटवर परत वेल्डिंग नाही, सगळं नटबोल्टने जोडायचं. गावातला फॅब्रिकेटर याला कुरकुर करतो कारण मापं आधी बिनचूक घ्यावी लागतात, पण एकदा पटलं की त्यालाच सोपं जातं, अर्ध्या दिवसात उभं. प्लांट तुमच्या गावात नसणार, टेम्पो करावा लागेल, तेव्हा गावात अजून कोणाचं गेट, ग्रिल, झोपाळ्याचा सांगाडा असेल तर एकत्र पाठवा, भाडं वाटलं जातं.

बोल्ट ३१६ ग्रेडच्या, खाऱ्या हवेला लागणाऱ्या स्टेनलेसचे घ्या. संपूर्ण पर्गोलाला मिळून पाच-सहा हजारांचा मामला आहे आणि नेमके तिथेच लोक पैसे वाचवतात.

पायाबद्दल. रेतीत खड्डे २ बाय २ फूट आणि अडीच फूट खोल घ्या. एक खड्डा १० घनफूट, त्यातलं काँक्रीट ६८० किलो, चार मिळून २७०० च्या वर. कोणी विसरून जूनमध्ये नेट वर राहू दिली तरी सांगाडा जागचा हलणार नाही. चारही खड्ड्यांना मिळून साधारण ९ पोती सिमेंट लागतं. रेती नदीची किंवा क्रशसँड (दगड दळून केलेली), पुळणीवरची म्हणजे समुद्रकाठची अजिबात नाही, गवंडी म्हणेल धुऊन घेतो, तरी नाही. पाणी पिण्याचं, विहीर मचूळ असेल तर टँकर सांगा. आतल्या सळयांवर सगळीकडून दोन इंच काँक्रीट राहिलं पाहिजे. आणि बेसप्लेट जमिनीच्या वर तीन-चार इंच, कारण खांबाच्या बुडाशी ओला पालापाचोळा आणि रेती साचून राहिली की जस्तसुद्धा हरतं. प्लेटच्या वर पाइपाला एक बारीक भोक ठेवा, आत पाणी गेलं तर निघून जाईल.

सुताराच्या कोटेशनबद्दल थोडक्यात. तुमच्या मापाला लाकूड साधारण १३ घनफूट लागतं, त्याला घनफुटाचा भाव विचारा म्हणजे लाकडाचे किती आणि हातकामाचे किती हे कळेल. साग चांगलाच, पण गाभ्याचा, बाहेरच्या पांढुरक्या भागाला वाळवी सोडत नाही. आणि दर वर्षी दोन हात तेल द्यावंच लागतं, ते तुमच्याने होणार का हे तुम्ही ठरवा. मला लाकूड मनापासून आवडतं पण सव्वा लाखात ते नीट बसत नाही, आणि ओढूनताणून बसवलं तर खांब बारीक येतील. ॲल्युमिनियम किनाऱ्यावर टिकतं हे खरं, पावडर कोटिंग नीट असेल तर फारच छान, पण तुमच्या बजेटच्या दुप्पट, म्हणून त्याच्यावर बोलत नाही.

तर माझा अंदाज असा. पाया मजुरीसकट १६ हजार. लोखंड किलोला दीडशेच्या आत पकडून ३८ हजार. गॅल्वनायझिंग आणि टेम्पो मिळून १२. बोल्ट ६. इथपर्यंत ७२ हजार, आणि हे पैसे कमी करायचे नाहीत. वरची नेट, झाप, दोऱ्या, बांधायचे हूक याला ८ हजार. मग काहीतरी निघतंच, रेतीत खोदताना कडा ढासळते, टेम्पो दोनदा करावा लागतो, त्याला १२ हजार वेगळे. झाले ९२. दर गावागणिक इकडेतिकडे होतील, पण प्रमाण हेच राहू दे. उरलेल्या ३३ हजारांतून सासूबाईंसाठी खाली चिरा किंवा खरखरीत फरशी बसवा, गुळगुळीत टाइल नको, आणि पडवीपासून तिथपर्यंत उतार करा, पायरी नको, एका बाजूला धरायला दांडा. बसायची जागा केली आणि तिथवर जाता आलं नाही असं व्हायला नको, खरं तर हे मी पायाच्याही आधी लिहायला हवं होतं.

माडांचं. पर्गोला माडाखाली येत असेल तर सरकवा, दहा-बारा फूट इकडे आला तरी चालेल. सुकलेली झावळ काय किंवा नारळ काय, तेवढ्या उंचीवरून पडलं की शेडनेट अडवत नाही, आणि खाली सासूबाई बसणार आहेत. वानरांची धाड तुमच्याकडेही असेलच, पॉलीकार्बोनेटवर ती नाचली की शीट तडकते, नेट फाडतात पण नेट दीड हजारात नवी येते. पट्ट्यांवर वेल सोडायची तर जुई, मधुमालती सोडा, पावसाळ्यात पडवळ-दोडका, मात्र मधुमालती जून महिना लागायच्या आत छाटायची, ओली दाट वेल ही शीटसारखीच वारा पकडते.

आणि काम सुरू करायच्या आधी नगरपंचायतीत जाऊन या. भरतीरेषेच्या जवळच्या जागेला सीआरझेडचे (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे) नियम लागतात, काँक्रीटचा पाया घालणार म्हटल्यावर तोंडी 'काही होत नाही' यावर राहू नका, साधा अर्ज देऊन पोच घ्या. काम नोव्हेंबरात काढा, शिमग्याच्या आत संपलं पाहिजे, नंतर माणसं मिळत नाहीत.

मुलाला सांगा, ८५ वालाच घे, तो गावातला आहे, उद्या काही झालं तर येईल, फक्त काम आपल्या पद्धतीने करून घे.

प्रश्न : मालवणजवळ आमचं छोटं होमस्टे आहे. पाहुण्यांना बसायला बांबूचा मांडव केला होता, दुसऱ्याच वर्षी पीठ पडून खांब मोडले. बांबू सोडूनच द्यावा का? – एक वाचक, मालवण

उत्तर : सोडू नका, फक्त खांबाला वापरू नका. बांबू मातीत पुरला की वर्ष-दोन वर्षं, त्यापुढे त्याच्याकडून अपेक्षाच चुकीची. खांब चिऱ्याच्या खांबासारखे बांधून घ्या किंवा लोखंडी, आणि वरचे वासे बांबूचे.

पीठ का पडतं तर बांबूत साखर आणि स्टार्च असतो आणि कीड त्याच्यासाठी येते. म्हणून तीन-चार वर्षांचा निबर माणगाच (कोकणातली बांबूची जात) घ्यायचा, कोवळा नाही, आणि तोडायचा थंडीत, पावसाळ्यात नवे कोंब येत असताना तोडलेल्याला पीठ पडणार म्हणजे पडणार. तोडल्यावर वाहत्या वहाळात किंवा तळीत दोन-तीन आठवडे दगड ठेवून बुडवा, बाहेर काढलात की वास फार येतो पण कीड कमी होते, मग सावलीत उभा करून सुकवा. बोरिक ॲसिड-बोरॅक्सचं पाणी चांगलं काम करतं पण उघड्या पावसात ते धुपून जातं, तेव्हा ते फक्त छपराखालच्या वाश्यांना. उघड्यावरच्याला काजूच्या टरफलाचं डिंबेल लावा, आपल्याकडे होड्यांना लावतात तेच, मात्र हातमोजे घालून, अंगाला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात, आणि पूर्ण सुकेपर्यंत पाहुण्यांना त्याखाली बसवू नका.

बजेटमध्ये बांबूला 'एकदाचा खर्च' म्हणून धरलंत म्हणून त्रास झाला. दर वर्षी एक तृतीयांश वासे आणि सगळे झाप बदलायचे असं धरून वर्षाचा आकडा काढा आणि तो खोलीच्या भाड्यात धरा. तुमच्याकडे येणारा पाहुणा झापाच्या मांडवाखाली सोलकढी प्यायला येतो, प्लॅस्टिकच्या शीटखाली नाही, तो खर्च वसूल होतो.

प्रश्न : अलिबागजवळ वीकेंडचं घर आहे, मागच्या अंगणात पर्गोलाला स्टेनलेसचे खांब लावले. एका वर्षात तपकिरी डाग आले. ठेकेदार म्हणतो मॅग्नेट लावून बघा, चिकटत नाही म्हणजे ओरिजिनल स्टेनलेस. फसलोय का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : मॅग्नेटने ग्रेड कळत नाही. २०२, ३०४ आणि ३१६ हे स्टेनलेसचे तिन्ही ग्रेड मॅग्नेटला जवळपास चिकटत नाहीत, आणि तुमच्याकडे २०२ असायची शक्यता मोठी आहे कारण तो स्वस्त पडतो, त्यात निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेलं असतं. शहरात जिन्याच्या रेलिंगला तो वर्षानुवर्षं चकचकीत राहतो, समुद्रावर नाही. खाऱ्या हवेला ३१६ च लागतो, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि तेच मिठापासून वाचवतं. बाजारात थेंब टाकून मॉलिब्डेनम तपासायचं किट मिळतं, ते मागवा, दोन मिनिटांचं काम. बिलावर ग्रेड लिहिलाय का तेही बघा, '३१६' लिहून २०२ दिला असेल तर भांडायला जागा आहे, नुसतं 'एसएस' लिहिलं असेल तर पुढचं पेमेंट करायच्या आधी तरी लिहून घ्या.

डाग वरवरचे असतील तर खांब काढायची घाई नको. गोडं पाणी, साधा साबण, मऊ फडकं, आणि रेघा दिसतात त्या दिशेनेच पुसायचं. लोखंडी काथ्या लावू नका, तिचे कण अडकून तेच गंजतात. बाथरूमचं ॲसिड तर मुळीच नाही, त्याने वर्षभराचं नुकसान एका सकाळी होतं. दर महिन्याला गेलात की पाइपने गोड्या पाण्याचा फवारा मारा, वरच्या आडोशाच्या बाजूला आधी. बोटाने चाचपून खड्डे लागत असतील तर मात्र ते खांब उतरवा, आणि ते काम मेच्या आत करा.